रोटाचे गहू

(धुळ्याजवळचं एक गाव, श्रावणातली शनिवार सकाळ. उद्या कानबाई देवीचा सण; घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू दळून रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, करतात. पडवीत धुरपदाबाई रोटाचे गहू मोजते आहे. समोर तिची पुतणी दिपमाला. मालिकांत काम करते, नऊ वर्षांनी घरी आली आहे. दारात धुरपदाबाईचा मुलगा नवल.)

धुरपदाबाई : सव्वा मूठ नवलनी. सव्वा मूठ नवलनी आंडेर, पोर आयुषीनी. जायं. बांध रे गाठोडं.

दिपमाला : झालं? आणि माझी?

धुरपदाबाई : तुनी काय?

दिपमाला : माझ्या नावाची मूठ, काकू.

धुरपदाबाई : सासरी माग.

दिपमाला : कुठलं सासर?

धुरपदाबाई : ते तू सांग. माले सात याद शेतस. पहिला तो डॉक्टर. मंग त्याना भाऊ. मंग डॉक्टर मरीसनी परत उना, त्यानाशी दुसरांदा लगीन.

दिपमाला : ती मालिका होती!

धुरपदाबाई : भटजी व्हता ना? सात फेरा जायात ना? मी सोता देखं.

दिपमाला : तो भटजी दुसऱ्या मालिकेत दरोडेखोर आहे, काकू. आणि सात फेरे घ्यायला आम्हाला अडीच दिवस लागले. मधे जेवायची सुट्टी होती. आईशप्पथ, जगात कुठे असं लग्न लागतं का?

धुरपदाबाई : माले काय माहीत, तुमनाकडे काय काय लागस ते.

नवल : आई, आटप ना. अमृतभाऊनी सकाळीच गिरणी धुऊन ठेवलीय. रोटाचं दळण झाल्याशिवाय दुसऱ्याचं घेत नाहीत ते. माणसं डबे घेऊन उभी आहेत.

दिपमाला : मग माझे गहू घाला आणि पाठवा. आपल्या घरात बिनलग्नाच्या मुलीची मूठ असते, हे तुम्हीच शिकवलंत. लग्न झाल्यावर तिचा रोट सासरी. माझं झालेलं नाही. उद्या सगळं घर रोट खाईल आणि मी काय करू?

धुरपदाबाई : पाहुणीनागत वरण-बट्टी खाय. रोट घरनास्लेच ऱ्हास.

नवल : ताई, जाऊ दे ना. एक विचारायचं होतं. मांगीलालशेठचं साडीचं नवं दुकान सोमवारी सुरू होतंय धुळ्याला. तू आलीच आहेस, तर फीत कापशील का, म्हणत होते.

दिपमाला : कुणी कापायचीय? मी, का ती?

नवल : ती कोण?

दिपमाला : आता माझ्या जागी आहे ती. काढलं मला, नवल. गोष्ट वीस वर्षं पुढे नेली. मला म्हणाले, परवापासून केस पांढरे करा, तुम्ही सासू. सून कोण, तर माझ्याहून दोन वर्षांनी मोठी! मी म्हटलं, एक दिवस विचार करते. दुसऱ्या दिवशी गेले तर माझी साडी नेसून, माझं मंगळसूत्र घालून दुसरीच उभी. आणि मालिकेतल्या त्या एवढ्या मोठ्या कुटुंबात एकालाही वाटलं नाही, की आपल्या घरात ही कोण बाई शिरलीय!

धुरपदाबाई : नवी बरी शे. रडस चांगली. तू रडे तवय तुनं नाक फुगे.

दिपमाला : किती दिवसांत सवय झाली तुम्हाला तिची?

धुरपदाबाई : जेवन व्हईपर्यंत.

नवल : आई!

धुरपदाबाई : खोटं कसाले बोलू? खोटं बोलानं काम आपला घरमा एकजन करस, तेवढं बस शे.

दिपमाला : बोला, बोला. ऐकायलाच आलेय मी. मला वाटलं, एका तरी घरात माझी जागा कुणी भरली नसेल. म्हणून बॅग उचलली आणि आले. इथे बघते, तर तुम्ही माझे गहूच काढून टाकलेत.

धुरपदाबाई : मी नही काढा.

दिपमाला : मग कोणी?

धुरपदाबाई : तुनी मायनी.

दिपमाला : आईने?

धुरपदाबाई : हां, भिकुबाईनी. आठेच पडवीमा बसेल व्हती, हाऊच सूप लिसनी. घरना बठ्ठास्नं एकेक नाव लिधं. तुनं नाव उनं, तं म्हने, तिनी नको, तिनं लगीन जायं. गल्लीमा पेढा वाटात. फोटो दखाडा बठ्ठास्ले.

नवल : तोच ना, हिरव्या साडीतला? आमच्या आईच्या फोनमध्ये अजून आहे तो.

दिपमाला : तो फोटो आईने लोकांना दाखवला?

धुरपदाबाई : धाडा कोनी? मी?

दिपमाला : तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं तेव्हा. फोन केला की एकच. तुझं एकदा झालेलं बघितलं की मी मोकळी. रोज तेच. त्या दिवशी आमच्याकडे लग्नाचा प्रसंग होता. मुंडावळ्या बांधलेल्या, शेजारी ललित. सेटवर चहा देणाऱ्या स्पॉटदादाला म्हटलं, काढ रे एक फोटो. आणि पाठवून दिला. म्हटलं, जाताना तरी बरं वाटेल तिला.

नवल : म्हणजे ललितभाऊ खरे नाहीत? अगं, जावई येतील म्हणून टॉवेल-टोपी आणून ठेवलीय आम्ही! नऊ वर्षं कपाटात आहे ती.

दिपमाला : तूच घाल आता. ललितने मालिकेत माझ्याशी चार वेळा लग्न केलं. घरी सात वर्षं राहिला, तिथे एकदाही नाही.

धुरपदाबाई : तं मंग घाल मूठ. पन नाव मोठ्यानं लेनं पडस, देवीले ऐकू जाई असं. बाहेर ओटावर बाया वाती करी ऱ्हायन्यात. त्या बठ्ठ्यास्नी तुनी मायना पेढा खादात.

दिपमाला : म्हणजे आईला खोटं पाडायचं. गावासमोर.

धुरपदाबाई : हां. सव्वा मूठ गहूसाठे.

दिपमाला : नको. बांध रे गाठोडं, नवल. समाधानाने गेली ती. तेवढं एक तरी माझ्या हातून झालंय, ते नाही मोडायचं मला.

धुरपदाबाई : समाधान! तुले काय वाटस, तुनी माय येडी व्हती?

दिपमाला : म्हणजे?

धुरपदाबाई : फोटो उना सोमवारले. शुक्रवारले आठ वाजता मालिका लागनी. तोच मांडव, तीच हिरवी साडी, तोच मेला नवरा. मी नि ती, दोन्ही टीव्हीपुढे.

दिपमाला : आई बघायची मालिका? मला तर म्हणायची, त्यातलं काही कळत नाही.

धुरपदाबाई : एक दिन चुकाडे नही. मी म्हनं, भिकुबाई, हाऊ तं तोच फोटो! तं म्हने, चूप बस धुरपदा, जाहिरात सरनी.

नवल : पण तोवर पेढे वाटून झाले असतील.

धुरपदाबाई : पेढा शनिवारले वाटात. मालिका देखावर, बठ्ठं समजीसन. नि त्याच दिन आपली आंडेरनी मूठ आपला हातवरी काढी. हासत हासत. गल्लीनं तुना लगीननं इचारनं बंद व्हवाले पाहिजे म्हनीसन. तुले सात नवरा मिळनात, बाई, पन इतकं नाटक तुले बी नही जमाव.

दिपमाला : तुम्ही मला सांगितलं का नाही? नऊ वर्षं!

धुरपदाबाई : तू इचारं कधी? माय गई तवय तीन दिन उनी, काळा चष्मा लाईसनी. लोके मयताले उनात का तुना फोटो काढाले, तेच समजे ना.

नवल : आई, अमृतभाऊंचा फोन येतोय.

धुरपदाबाई : ऱ्हाऊ दे त्याले उभा. बोल दिपमाला, काय करस?

दिपमाला : तिने माझ्यासाठी एवढं खोटं वागवलं, काकू. मी आता कुणासाठी वागवू? सोड रे नवल गाठ.

धुरपदाबाई : हात धुई ये पहिले. तोंड बी धू, काजळ उतरनं.

दिपमाला : धुतलं. बाहेर जाईल ना ऐकू?

धुरपदाबाई : मालिकामा तं चार घर ऐकू जाये तुनं.

दिपमाला : दिपमाला लोटन पाटील! लग्न झालेलं नाही. याच घरची. घातली मूठ.

धुरपदाबाई : सव्वा ऱ्हास, बाई. अजून घाल.