टोपण लावलेला फोटो

हॅलो? … हां ताई, बोल. … नाही गं, गच्चीवरच आहे. आत्ता कुठे अंधार पडलाय, आठसुद्धा वाजले नाहीत. … हो, नवा कॅमेरा. दुर्बिणीला मागून लावलाय, तासभर त्याच्याशीच झटापट चाललीय. … मिळाला ना बाबांना फोटो? … काय म्हणाले? … खरंच? "सातही दिसल्या"? … अगं, कृत्तिका म्हणजे काय विचारतेस! लहानपणी आपल्याला अंगणात उभं करून मोजायला लावायचे ना, तो तारकांचा पुंजका. मला सहा दिसायच्या, तुला पाच, आणि बाबांना कायम सात. … हो, हो, तोच. म्हटलं, नव्या कॅमेऱ्याचा पहिला फोटो त्यांनाच. … खालची जरा अंधुक आहे म्हणाले? … पण ताई, फोटोत तर शंभराच्या वर आल्यात. सातच कशा म्हणतील? … थांब. एक मिनिट.

… नाही, काही नाही. काय पाठवलंय ते बघतोय. … ताई, बाबांचा फोन हातात घे बरं. … अगं ऐक ना, घे आधी. … दूध उतू जाऊ दे, गॅस बंद कर. … उघडलास? काय दिसतंय? … हो. काळा. नुसता काळा. … नाही, फोन बिघडलेला नाही. चूक माझी आहे. कॅमेरा तपासताना एक फोटो मुद्दाम टोपण लावून काढतात, कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष कळावेत म्हणून. त्यात तारे नसतातच. घाईघाईत मी तोच पाठवला. … हो ना. मग त्यांनी सात मोजल्या कुठे?

… मलाही तेच वाटतंय. … छे, थट्टा नाही करत ते. या बाबतीत तर नाहीच. … पेपर? कधीपासून? … "रोज तेच तेच असतं" म्हणून बंद केला, आणि तुला ते पटलं. … तुला बोल लावत नाही गं. मी तरी कुठे मोठा शहाणा? गेल्या रविवारी त्यांनी ग्लास टेबलाच्या बाहेरच ठेवला, आणि मी हसत बसलो. … ताई, तुझ्या पिल्लूला सकाळी शाळेत कोण सोडतं? … बाबाच? स्कूटरवर? अजूनही? … रडू नको. ऐक, ऐक माझं. पोर घरात आहे ना तुझ्यासमोर? … मग झालं. फोन त्यांना दे. … तुझाच दे. मी बोलतो.

बाबा… हो, मीच. … फोटो छान आहे म्हणालात. … बाबा, त्यात काहीच नव्हतं. …

… नाही, चिडलो नाही. आवाजच असा येतोय माझा. … केव्हापासून? … सहा महिने? दोन्ही डोळे? … आणि रस्ता? सिग्नल? … कोण सांगतं? … पिल्लू? "आजोबा, हिरवा झाला"? … आणि घरी बोलायचं नाही, असं ठरलंय तुम्हा दोघांचं. … बाबा, आठ वर्षांची आहे हो ती.

… कळतं मला. आई गेल्यापासून दिवसातलं तेवढंच एक काम तुमचं उरलंय, कळतं. पण मी घाबरलोय, बाबा. … किल्ली ताईला द्या. … उद्या नाही, आत्ता. मी थांबतो फोनवर. …

… दिली? … बरं. सकाळी मी येतो. पिल्लूला आपण दोघं चालत सोडू, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. … नाही, मी नाही धरणार तुमचा हात. तुम्हीच माझा धरा. … हो. … हो, बाबा.

… ठेवा आता. … नाही, हा ताईचा फोन आहे, यात फोन ठेवायचं बटण बाजूला नाही. काचेवरच आहे, खाली. … आणखी खाली. … मधोमध. … असू द्या, घाई नाही. … हां, तिथंच दा—