सोडा म्हणायचं राहिलं

हात दाबला — म्हणजे नेमकं काय झालं? तुम्ही तळहातात बोटं ठेवलीत आणि तुमच्या दादांनी मूठ आवळली, असंच ना? मग घरी फोन करायची घाई करू नका. बसा. वीस वर्षं वैद्यकीच्या पोरांना चेतासंस्था शिकवते मी, आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगते — परक्याच्या आशेत नाक खुपसायची मला सवय नाही. आहे खरं तर. असो.

हे बघा, विचार, आठवण, ओळख — हा सगळा मोठ्या मेंदूचा कारभार. तोल सांभाळतो तो मागचा लहान मेंदू. श्वास, ठोके, गिळणं हे मेंदूच्या खालच्या देठाकडे — दादा आपला श्वास आपण घेतायत ना? म्हणजे देठ शाबूत. तिथून पाठीच्या कण्यात मेरुरज्जू, आणि त्यातून पार बोटांच्या टोकांपर्यंत चेतातंतू — निरोप आणणारे वेगळे, हुकूम नेणारे वेगळे. आता, तान्ह्या बाळाच्या हातात बोट दिलं की ते धरतं, धरतं ना? तुम्ही कोण, हे त्याला कुठे ठाऊक असतं! मोठेपणी मेंदूचा पुढचा भाग त्या मुठीला लगाम घालतो. तिथे इजा झाली की लगाम सुटतो, मूठ पुन्हा बाळासारखी मिटते. त्यात ओळख नाही, माया नाही.

अगदी याच शब्दांत मी आईला सांगितलं. बाबा याच वॉर्डात, त्या टोकाच्या खाटेवर होते — पक्षाघात. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "यांनी हात दाबला गं माझा." मी तपासलं. 'बाबा, दाबा' — दाबला. न सांगताही दाबला. म्हटलं, आई, ही प्रतिक्षिप्त क्रिया. तर म्हणते, "तुझ्या पुस्तकातल्या हाताला माणूस जोडलेला नसतो का गं?" — पण ऐकलं तिनं. शिकलेली लेक ना! त्या दिवसापासून स्वतःचे हात मांडीवर घेऊन बसायची.

दहाव्या दिवशी संध्याकाळी आई घरी गेली होती, सिस्टर चादर बदलत होत्या, बाबांनी त्यांचं मनगट धरलं. त्या हसून म्हणाल्या, "आजोबा, सोडा, कामं पडलीयत" — आणि त्यांनी सोडलं. पुन्हा धरलं, पुन्हा 'सोडा', पुन्हा सोडलं. अहो, धरणं आपोआप होतं! सांगितल्यावर सोडायला ऐकावं लागतं, समजावं लागतं — मोठा मेंदू लागतो. 'दाबा' म्हटलंत तर 'सोडा' म्हटल्याशिवाय खाटेपासून उठायचं नाही, हे मी पोरांना पहिल्याच आठवड्यात घोकून घेते. नापास केलंय त्यावर. आणि मीच म्हटलं नाही. विसरले — नाही, विसरले नव्हते. त्यांची बोटं माझ्या बोटांभोवती होती. 'सोडा' म्हणवेना.

आईला? म्हटलं, सकाळी पुन्हा तपासते, खात्री करते, मग सांगते. सकाळी सहाला बाबाच गेले. काल. सात दिवस ते तिचा हात शोधत होते की नाही — माझ्याकडे पुरावा नाही.

ती बघा, आई आलीच. बाबांचा चष्मा राहिला होता इथे, तो न्यायला आलोय. तिला यातलं काही ठाऊक नाही. तुम्ही आत जा, दादांना 'सोडा' म्हणून बघा. आणि नाही सोडला, तरी तुमचा हात काढून घेऊ नका. — जा म्हणते ना!

मिळाला का गं चष्मा?... त्या? कोणी नाही. वॉर्ड कुठे आहे, विचारत होत्या.