सासऱ्यांच्या बोटीचा वेग

—नाही हो काका, मशीन बिघडलेलं नाही, उलट ते फार चांगलं आहे म्हणूनच ही बोंब आहे. बसा, त्या खुर्चीचा पाय जपून—हां. गवत जांभळं, आभाळ गुलाबी, ड्रायव्हर भोपळ्यासारखे फुगलेले आणि शर्यत सुरू होते न होते तोच संपलेली—बरोबर? होणारच! गेम पंचवीस वर्षांपूर्वीचा. त्याला मोजून दोनशे छप्पन्न रंग ठाऊक, आणि त्यांचाही हे नवं मशीन गोंधळ करतं. चौकोनी पडद्यासाठी काढलेलं चित्र या लांबट पडद्यावर ताणलं तर माणसं फुगणार नाहीत तर काय? मी गेमच्या फोल्डरमध्ये एक छोटीशी फाइल टाकतेय—दुभाषी समजा, जुनी भाषा नव्या ग्राफिक्स कार्डाला समजावून सांगते—आणि मग वेगाला लगाम, सेकंदाला साठ चित्रं, एक जास्त नाही.

हिला जमेल का, असं वाटतंय ना? वाटू द्या. आमच्या सासऱ्यांनाही वाटलं होतं. लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, तर म्हणतात कसे, "सूनबाई, तू म्हणे कॉम्प्युटर उघडतेस. परत मिटताही येतात का?" त्यांचा एक बोटींच्या शर्यतीचा गेम होता, दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळायचा—बाण बाबांचे, अक्षरं सासूबाईंची. रोज दुपारच्या चहानंतर एक शर्यत, हरेल त्याने कपबश्या धुवायच्या. नवं मशीन आणलं आणि बोटी बंदुकीच्या गोळीसारख्या सुटायला लागल्या, नदीचं पाणी लालभडक! मी अर्ध्या तासात सगळं सरळ केलं. तेव्हापासून मी 'आमची इंजिनीअर'.

मग गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात परत आला, पण बोटं उशिरा ऐकायची—सांगितलं आत्ता की हलणार सावकाश. आता हाताचं बोट हलेना, तिथे पाण्यातली बोट काय हलणार! सतरा दिवस सलग हरले हो. मुकाट्याने कपबश्या धुवायचे, एकट्या डाव्या हाताने. अठराव्या दिवशी "कंटाळा आला" म्हणाले आणि मशीनवर कापड टाकलं. ते कापड बघून मला काय झालं, काय सांगू! दोघं दवाखान्यात गेल्यावर मी गेमचा वेग साठावरून पंचेचाळीसवर आणला. संध्याकाळी मीच बाबांना कसंबसं बसवलं, आणि काय—बाबा जिंकले! सासूबाईंना दम कुठे आहे? वळण यायच्या आतच वळतात आणि काठावर आपटतात.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी मला ओट्यापाशी गाठलं. "बोटींखालचं पाणी जरा घट्ट झालंय गं," म्हणाल्या. मी पटकन नळ सोडला. तर पुढे म्हणतात, "आणखी थोडं घट्ट कर. त्यांना कळू देऊ नकोस." केलं चाळीस. आणि मागच्या आठवड्यात बाबांनी खुणेने बोलावलं, दार लोटलं, म्हणाले, "वेग तूच कमी केलास ना? बरं केलंस. हिला हल्ली नीट दिसत नाही, सारखी काठावर आपटते. पण बोलू नकोस तिला, मानी आहे." दोघांनाही 'हो' म्हटलं. दोघं एकमेकांना सांभाळतायत आणि मी मध्ये तोंडाला कुलूप लावून!

मी? मी खेळते ना, रविवारी, दोघांशीही. हरते. मुद्दाम हरते, म्हाताऱ्या माणसांना तेवढंच बरं वाटतं—आमच्या ह्यांनाही मी तेच सांगितलंय. म्हणजे... सुरुवातीला मुद्दामच. मग एकदा म्हटलं, आज जिंकून दाखवू, तर—जमलंच नाही. चाळिसावर, काका! कासव मध्ये डुलकी काढून येईल अशा वेगाला! बाबा डाव्या हाताने बाण दाबत होते आणि उजव्या हाताने चहा पीत होते—हो, उजव्या, तेवढा कप उचलतात आता. परवा तुम्ही आलात तेव्हा दुकान बंद होतं ना? मी काही जेवायला नव्हते गेले. आतच होते. सराव करत होते.

हसताय काय? हे बघा, झालं तुमचं, उचला मशीन. आणि ह्यांना कुठे भेटलात तर एक अक्षर बोलायचं नाही. निघा आता—आणि जाता जाता दारावरची पाटी तेवढी 'बंद'वर फिरवा.