गाद म्हणजे गाळ नव्हे

— वहिनी, बाजूला व्हा बरं. ट्रॉली आत येऊ द्या, ड्रायव्हर केव्हाचा बोंबलतोय.

— बोंबलू दे, भाऊजी. फाटकातून मी हलायची नाही.

— अहो, शेतात खत टाकायचंय! मागल्या वर्षी हेच टाकलं, तर गहू बघायला सगळं टोंकखुर्द आलं होतं.

— तेव्हा तुम्ही मला 'गाळ' म्हणालात. मला वाटलं, तलावातला. उन्हाळ्यात सगळेच टाकतात तो.

— खत देणारा ठेकेदार 'गाद' म्हणाला. गाद म्हणजे गाळच ना? काय गं, देवश्री?

— नाही बाबा. शहराच्या गटाराचं पाणी साफ करतात ना, त्याच्या तळाशी बसते ती गाद.

— मग? शेण काय अत्तर असतं?

— घाण तर सडून जाते, बाबा. पण लोक जंतू मारायचा साबण लावतात, कपड्यांना खुशबूवालं लिक्विड घालतात. त्यातलं काही-काही गादेला चिकटून बसतं. मग मातीत पडून राहतं, बरसों. कॉलेजच्या लॅबमध्ये आपली माती तपासली मी. साबणातलं औषध निघालं.

— किती निघालं?

— थोडंसंच. त्यानं गव्हाला काय होतं, ते सरांनाही पक्कं सांगता येत नाही.

— ऐकलंत वहिनी? उगाच राईचा पर्वत!

— ऐकलं. माहीत नाही, म्हणूनच थांबायचं. जंतू मारायचं औषध ते. मातीत जाऊन कोणाला मारणार? मातीतल्याच जिवांना ना? आणि वर्षभर तो गहू आपण सगळ्यांनी खाल्ला. मला नुसता संताप येतोय, भाऊजी. तुमचा नाही, माझाच. न विचारता 'हो' म्हणून बसले.

— पण मी शब्द दिलाय हो ठेकेदाराला.

— गाळाला दिलात. हा गाळ नाही. आणि शेत दोघांचं आहे. माझ्या अर्ध्यात पडणार नाही, आणि तुमच्याही नाही. तुमच्या अर्ध्यातलं पाणी बांधाला विचारून येतं का माझ्याकडे?

— तुमच्यापुढे कोणाचं काय चालणार! ओ भिया, पीछे लो! पीछे!

— बाबा, तो विचारतोय, आता कुठे खाली करू.

— कुठे म्हणजे? शेजारच्या कृष्णाजीकडे. तो तर कालपासून मागे लागलाय, गाळ मिळाला तर मला द्या म्हणून.

— ड्रायव्हरला म्हणावं, दोन मिनिटं थांब, मी आधी कृष्णाजीकडे जाऊन येते. देवश्री, माझ्या चपला आण गं.