तिसऱ्या भागातला आवाज

बाबा: तिसरा? अगं ठमे, त्या पिक्चरच्या तिसऱ्या भागाला शेंडा ना बुडखा! दोन तास नुसत्या इमारती कोसळतात.

मुलगी: हळू बोला. घशाला ताण नको म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी?

बाबा: उद्या स्वरयंत्रच काढणार आहेत. आज कोणासाठी जपून ठेवू? पहिला भाग आठव. रोबोट भंगारात सापडतो, गॅरेजवाल्याची पोर नोरा त्याला घरी आणते, सगळं शहर मागे लागतं. एक प्रसंग इकडचा तिकडे करता येणार नाही.

मुलगी: पण तुमचा आवाज बादलीतून आल्यासारखा येतो त्यात.

बाबा: मग रोबोटच आहे तो! त्याच्या मराठी डबिंगला मी साधंच बोलायचो. नंतर ते आवाज मशीनवर चढवून त्याचा पत्रा करायचे. आणि दुसरा भाग म्हणजे तर सगळ्यांचा बाप. ती पुलावरची मारामारी! लोक खुर्च्यांवर उभे राहिले होते.

मुलगी: त्यात तुम्ही नुसते ओरडता. ‘मागे व्हा’, ‘पूल सोडा’. तोही पत्राच. आणि चौथ्यात सुरुवातीलाच मरता.

बाबा: मरत नाही. बंद पडतो.

मुलगी: तेच ते. मला तिसराच आवडतो.

बाबा: लहानपणी त्याच तिसऱ्याला भोकाड पसरून इंटरव्हललाच घरी आणलं होतंस आम्हाला. आणि तो छपरावरचा प्रसंग! नाक कापलं माझं. मशीनवर चढवायचंच विसरले, आवाज कच्चाच गेला. एवढा थोरला लोखंडी गडी, आणि बोलतोय शेजारच्या काकांसारखा. थिएटर हसत होतं.

मुलगी: हो. तोच प्रसंग.

बाबा: त्याचं काय?

मुलगी: चारही भागांत तेवढ्याच एका प्रसंगात तुम्ही आहात, बाबा.

बाबा: म्हणजे?

मुलगी: मी स्टुडिओत जाऊन आले. म्हटलं, पत्रा करायच्या आधीचा तुमचा खरा आवाज कुठे ठेवला असेल. जागा करायला सगळं पुसून टाकलंय त्यांनी. मामाच्या लग्नाचं शूटिंग पाहिलं, तर त्यावर वरून गाणी घातलीत. माझा फोन उपसला. तुम्ही कधी बोलून निरोप पाठवलाच नाहीत. ‘हो’, ‘निघालो’, ‘पोचलो’, सगळं टाइप केलेलं.

बाबा: एवढंच ना? मग आता घे की. आण तो फोन इकडे. काय बोलू?

मुलगी: काहीही बोला.

बाबा: काहीही कसं? जन्मभर दुसऱ्याने लिहिलेलं बोलत आलो मी. बरं, घे. ठमे, मी... ठमे... छे! पुस ते. हा कोण घोगरा बोलतोय?

मुलगी: राहू द्या, बाबा. तुमचा आवाज केव्हाच गेलाय. घसा बसलाय म्हणत आपण गुळण्या करत बसलो. कधी गेला ते कळलंच नाही मला.

सिस्टर: काका, बोलणं पुरे आता. भुलीचे डॉक्टर येतायत तपासायला.

बाबा: सिस्टर, ते नंतर गळ्याला लावून बोलायचं यंत्र देतात म्हणे. आवाज कसा येतो त्यातून?

सिस्टर: कळतं हो लोकांना. सवय होते हळूहळू.

बाबा: कळतं ते ठीक. येतो कसा? पत्र्यासारखा?

सिस्टर: ...थोडासा. मी दहा मिनिटांत येते, काका.

बाबा: ऐकलंस? आता मशीनवर चढवायचं विसरणारी माणसंसुद्धा नाहीत मधे. मी कायमचा पहिल्या भागातला पत्रा.

मुलगी: हसू नका ना, बाबा.

बाबा: मग काय करू? सांग. तू सांगशील ते करतो.

मुलगी: मला काहीच सुचत नाहीये.

बाबा: लाव ते. छपरावरचं. आहे ना फोनमध्ये?

(फोनमधून एक भरदार, निवांत आवाज: ‘सावकाश उतर, नोरा. शेवटची पायरी सैल आहे. घाई नाही. मी धरलीय शिडी.’)

बाबा: शहर पेटलंय आणि हा शिडीचं सांगतोय! पिक्चर पडेल नाही तर काय?

मुलगी: परत लावू?

बाबा: लाव. पण ठमे, यात तुला हाकच नाही गं. नोरा म्हणतोय मी. तुला कधी नोरा म्हटलं होतं का?

मुलगी: चालेल, बाबा. मी नोरा होईन.