उपाशी वाफा

पूर्वी : आजोबा, वास येतोय. आता नाही म्हणू नका.

हरिभाऊ : वाडीत वास येणारच. इथे काय अत्तर लावून फिरायचं?

पूर्वी : पेंडीचा वास येतोय. आणि तोसुद्धा या वाफ्यात, ज्याला मी नुसतं पाणी घालत होते.

हरिभाऊ : वाऱ्याने आला असेल तिकडून.

पूर्वी : वारा पेंड भिजवून बादलीने ओततो का?

मंदा : बाबा, सांगून टाका ना. मागच्या पडवीत भिजवलेली पेंड मीच बघितली. मला वाटलं, मोगऱ्याला घालताय.

हरिभाऊ : घातली. थोडी थोडी घातली. झालं समाधान?

पूर्वी : कधीपासून?

हरिभाऊ : नागपंचमीपासून.

पूर्वी : म्हणजे सुरुवातीपासून! आई, ऐकलंस? मी इथे उकिडवी बसून झेंडू मोजतेय, वजनं करतेय. एका वाफ्याला केळीच्या खांबाचा रस, दुसऱ्याला काही नाही, तरी दोघांचे आकडे सेम कसे? डोकं फुटायची वेळ आली माझी. शाळेत हिल्डा मिसना ग्राफसुद्धा पाठवला!

हरिभाऊ : मग चांगलंच झालं की. दोन्हीकडे भरून फुलं आली. दसऱ्याला अख्ख्या आळीत तुझेच झेंडू गेले.

पूर्वी : भरून नको होती, आजोबा! या वाफ्यात कमी यायला हवी होती. तोच तर एक्सपेरिमेंट होता.

हरिभाऊ : कमी यावीत म्हणून कोणी फुलझाड लावतं का?

मंदा : आता वाद नको. पूर्वी, तूही जरा हळू बोल, रस्त्यापर्यंत ऐकू जातंय.

हरिभाऊ : एवढं काय पण? सहा विषय आहेत ना तुला? एक निबंध बिघडला तर बिघडला, बाकीच्यांत काढ मार्क.

पूर्वी : आमच्या शाळेच्या आंतरराष्ट्रीय डिप्लोमाला तसं नाही चालत. सहा विषय तर हवेतच. शिवाय हा चार हजार शब्दांचा निबंध, स्वतः शोधून काढलेल्या गोष्टीवर. शिवाय 'आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून' असा एक वेगळाच विषय. शिवाय कला, खेळ, सेवा, ते दीड वर्ष चालू ठेवायचं. यातलं एक जरी राहिलं, तर सहाही विषयांत पैकीच्या पैकी मिळाले तरी डिप्लोमा नाही.

हरिभाऊ : एक राहिलं तरी नाही?

पूर्वी : नाही.

हरिभाऊ : हे मला कोणी बोललं नाही.

मंदा : बोललो होतो. तुम्ही 'हो हो' म्हणालात आणि केळीचे घड बघायला गेलात.

हरिभाऊ : मग असं कर. लिही, की या वाफ्यात निम्मी फुलं आली. पेंड नसती तर निम्मीच आली असती, मी सांगतो ना.

पूर्वी : खोटे आकडे? सापडलं तर डिप्लोमाच रद्द करतात.

मंदा : आणि नाही सापडलं तर?

पूर्वी : आई!

मंदा : विचारलं फक्त.

पूर्वी : नाही सापडलं तर मला तो निबंध परत उघडून वाचवणार नाही. माझा पहिला शोध आहे गं तो. नाही, मी पुन्हा करणार. पण इथे नाही. स्टॅनी अंकलच्या गच्चीवर कुंड्या मांडते.

हरिभाऊ : आपली एवढी वाडी सोडून शेजाऱ्याच्या गच्चीवर?

पूर्वी : तिथे कोणी लपूनछपून लाड करणार नाही. थांबा, मिस चर्चमधून, मिस्साहून आल्या असतील. फोन लावते.

(पूर्वी फोन कानाला लावून बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाकडे जाते.)

हरिभाऊ : लय रागावली.

मंदा : रागावेल नाही तर काय!

हरिभाऊ : मंदा, माझ्यामुळे तिचा डिप्लोमा जाईल का गं?

मंदा : मलाही भीती वाटतेय, बाबा. शिष्यवृत्तीवर गेली त्या शाळेत. पहिलं वर्ष रडत काढलं तिने, सगळ्या मुलांचं इंग्रजी ऐकून. आता कुठे हसायला लागली होती. तुमच्या मनात आलं तरी काय?

हरिभाऊ : आता काय सांगू. एका पंगतीत दोघं बसलेत, एकाच्या पानात सगळं वाढलंय आणि शेजारच्यापुढे नुसता पाण्याचा पेला. आपल्याकडे कधी केलं असं? लग्नात वाढायला मी असायचो. जावई असो नाही तर वाडीत कामाला येणारा असो, सगळ्यांना एकाच हाताने वाढलं. रोज सकाळी त्या वाफ्यापाशी आलो की मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नाही राहवलं.

मंदा : मग हे तिला सांगा ना.

हरिभाऊ : ती म्हणेल, झाडाला काय कळतंय.

मंदा : म्हणू दे. सांगा तरी.

पूर्वी : काय सांगायचंय?

मंदा : आलीस? आधी मिस काय म्हणाल्या ते बोल.

पूर्वी : आधी खूप हसल्या. त्यांच्या वडिलांनीही हेच केलं असतं म्हणाल्या. मग म्हणाल्या, कच्चा निबंध नाताळची सुट्टी संपली की द्यायचाय, तेवढ्यात झेंडू काही होणार नाही. महिन्याभरात हाताशी येईल असं काही आहे का?

मंदा : मेथी. त्यात विचार काय करायचा?

पूर्वी : मेथी! उंची मोजता येईल, वजन करता येईल. येस. आणि पहिला प्रयोग का फसला तेही निबंधात खरं खरं लिहायचंय.

हरिभाऊ : माझं नाव घालून?

पूर्वी : नाव नाही. 'घरातल्या ज्येष्ठ शेतकऱ्याने.'

मंदा : बघा बाबा, परदेशातले तपासनीस वाचणार तुमच्याबद्दल.

हरिभाऊ : थट्टा कर तू. पूर्वी, बाय, ऐक. मी तुझं वाईट करायला नाही घातली पेंड. पंगतीत एकालाच वाढणं मला जमत नाही. हात वळतच नाही तसा. पण तुझं नुकसान झालं, ते मला फार लागलंय.

पूर्वी : ...मिस एक विचारत होत्या. पेंड तुम्ही विकत आणता आणि केळीचे खांब तर घड काढल्यावर नुसते पडून राहतात. मग खांबाचा रस पेंडीच्या तोडीचा आहे का, हे का नाही बघत? म्हणजे दोन्ही वाफ्यांना काही ना काही मिळेल. पेंड घालायचं काम तुमचं. फक्त मी देईन त्या मापाने आणि मी सांगेन त्या दिवशी.

हरिभाऊ : दोन्ही जेवणार?

पूर्वी : दोन्ही. पण तिसरा वाफा लागेलच. नुसत्या पाण्याचा.

हरिभाऊ : तिसऱ्याशिवाय नाही होत?

पूर्वी : नाही होत. नाही तर मेथी कशामुळे वाढली, हे कळणार कसं?

हरिभाऊ : मग तो एक स्टॅनीच्या गच्चीवर ठेव. माझ्या डोळ्यांसमोर नको.

पूर्वी : नाही चालणार. ऊन, माती, पाणी तिघांना एकसारखं पाहिजे. मिस म्हणाल्या, तिन्ही शेजारी शेजारी, एकाच जागी. म्हणजे इथेच लावावे लागतील, आजोबा. तुमच्या भरवशावर.

मंदा : द्या शब्द, बाबा.

पूर्वी : शब्द नको. जमेल का, तेवढं खरं सांगा.

हरिभाऊ : जड जाईल.

पूर्वी : माहितीये.

हरिभाऊ : शेवटचं वजन करून झालं, की मग त्याला खायला घालायचं ना?

पूर्वी : थोडी मेथी न उपटता ठेवते त्यात. तुमच्याच हाताने घाला.

हरिभाऊ : मग तोवर थांबतो मी.