ब्रेक दाबला होता, बहुतेक

दाबला होता हो मी ब्रेक. तुम्हाला सांगतो, चांगला दाबला होता... बहुतेक. म्हणजे गाडी थांबली ना? लाल सिग्नलला, पुढच्या टेम्पोच्या मागे आणखी दोन गाड्या मावतील एवढं अंतर ठेवून थांबली. पण मागच्या गाडीत होते आमची लेक आणि जावई, आणि घरी पोचल्यावर चपला काढायच्या आत लेक म्हणते, "बाबा, तुम्ही ब्रेक लावतच नाही. सबंध रस्ताभर मागे एकदाही लाल दिवा दिसला नाही." जावई सज्जन, ते हळूच म्हणाले, "दिवा बिघडला असेल." त्यावर लेक, "असेल तर रविवारपर्यंत कळेल. नाहीतर किल्ली माझ्याकडे."

झालं. या वयात किल्ली जाणं म्हणजे काय, तुम्हाला कल्पना नाही. वाचनालयात पुस्तक बदलायचं तरी दाढी करून तयार बसायचं आणि कुणी सोडतंय का याची वाट बघायची.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दिवाच बिघडलाय, चला गॅरेजला. पण मी जन्मभर कॉलेजात कार्यकारणभाव शिकवला हो. एकानंतर दुसरं घडलं म्हणून पहिलं दुसऱ्याचं कारण ठरत नाही, हे पोरांच्या डोक्यात मीच भरवलं, आता ते माझ्याच डोक्यात बसलं. गाडी थांबली हे खरं, पण माझ्यामुळे थांबली कशावरून? चढ असेल. समोरून वारा असेल. दाबला होता मी... बहुतेक.

सकाळी बायकोला गाडीमागे उभं केलं आणि आत जाऊन बसलो.

"दाबला," मी ओरडलो.

"दाबा की मग."

"अगं, दाबलाय."

"मग मला कसा दिसत नाही? उठा, मला बसू द्या."

ती बसली, मी मागे गेलो, आणि तिने असा पाय दिला की सीट कण्हली आणि दोन्ही दिवे लखलखीत, लग्नाच्या मांडवासारखे. पुन्हा मी बसलो, अंधार. पुन्हा ती बसली, उजेड. ती म्हणाली, "अहो, तुम्ही दाबत नाही, नुसता पाय ठेवता. फ्रीजचं दारसुद्धा असंच लावता, मला उठून परत ढकलावं लागतं." आणि ते खरं आहे हो. फ्रीजचं खरं आहे.

तरी गॅरेजात गेलो. गॅरेजवाल्याने आधी बल्ब बदलले, ते काय, बदलायचेच असतात, मग स्वतः बसून पाय आदळला, दिवे लागले, आणि म्हणाला, "काका, गाडी ठणठणीत आहे. गुडघा दाखवून घ्या." मी गुडघा दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, गुडघा उत्तम, गाडी दाखवा.

शनिवार उजाडला. संध्याकाळी मी आमच्या इमारतीच्या फाटकापाशी, जिथे उतार आहे, तिथे पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून गाडी उभी केली. पुढे उतार, उताराच्या टोकाला शेजारणीच्या कुंड्या. हँडब्रेक सोडला, गाडी न्यूट्रलला, आणि माझ्या नेहमीच्या पद्धतीने, फ्रीजच्या दाराच्या पद्धतीने म्हणा, पाय ठेवला. गाडी जागची हलली नाही. आरशात बघितलं, भिंत पांढरी. आणखी दाबला... दाबला... आणि भिंत लाल. म्हणजे बघा, ब्रेक लागत होता, दिवा तेवढा लागत नव्हता. मी हिला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "आता उतरा, कुंड्या वाचल्या तेवढं पुरे."

तसाच गॅरेजात. पेडलच्या वर एक बोटभर बटण असतं, पाय खाली गेला की ते सुटतं आणि दिवा पेटतो. ते सरकलं होतं, जोराचा पाय पडल्याशिवाय सुटतच नव्हतं. गॅरेजवाल्याने ते पिळून जागेवर बसवलं. आता नुसती चप्पल टेकली तरी मागे लाल.

रविवारी मी पुढे, लेक-जावई त्यांच्या गाडीत मागे, गावाबाहेरच्या रस्त्याला चक्कर. मी काय ऐटीत चालवली म्हणता. परत आलो, लेक उतरली, चेहरा गंभीर.

"दिवा लागतो, बाबा."

"मग?"

"विझत नाही. कोपऱ्यावर मांजर झोपलं होतं, त्याला लागला. समोरून येणाऱ्या ट्रकला लागला, तो दुभाजकाच्या पलीकडे होता. आणि मोकळ्या रस्त्यावर ब्रेक कशासाठी लावत होतात?"

पुढे वळण होतं. लांब होतं, पण होतं. इतकी वर्षं माझी भीती माझ्या चपलेखाली गुपचूप होती हो, आता मागच्या सगळ्या वाहनांना लाल रंगात वाचायला मिळते.

लेकीने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "ठेवा तुमच्याकडेच. एवढा भिणारा माणूस कुणाला काय धडकणार."

मिळाली, नाही असं नाही. 'बाबा, छान चालवता' म्हणून मिळाली असती तर बरं वाटलं असतं, पण मिळाली. जावई सज्जन, ते थोडं मागे राहिले आणि हळूच म्हणाले, "बाबा, दोन जादा बल्ब गाडीत ठेवा. एवढं काम त्यांना झेपायचं नाही."

दोन कशाला, मी चार घेऊन ठेवलेत.